क्षणभर जगणाऱ्या रेणूंची ओळख पटवणारे हर्ट्झबर्ग

‘फ्री रॅडिकल्स’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. त्वचेच्या मलमापासून ग्रीन टीपर्यंत अनेक जाहिरातींत तो ऐकू येतो. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलक म्हणतात. साध्या रेणूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. एखादा बंध तुटला, की एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो आणि तो रेणू समोर येईल त्याच्याशी बंध जोडू पाहतो. म्हणूनच मुक्त मूलक फार काळ टिकत नाहीत. प्रयोगशाळेतल्या नळीत त्यांचे आयुष्य बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

हे मूलक फक्त शरीरात नसतात. स्टोव्हच्या ज्योतीत, गाडीच्या इंजिनात, धूमकेतूच्या शेपटीत, शनी आणि नेपच्यूनच्या हवेत, सगळीकडे ते क्षणोक्षणी तयार होतात आणि नाहीसे होतात. पण जे क्षणभरही टिकत नाही, ते होते हे सिद्ध कसे करायचे? बाटलीत भरता येत नाही, वजन करता येत नाही, वास घेता येत नाही. या प्रश्नावर आयुष्यातली कित्येक वर्षे खर्च करणारे शास्त्रज्ञ म्हणजे गेरहार्ड हर्ट्झबर्ग. १९७१चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. विशेष म्हणजे ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. मूळ इच्छा तर खगोलशास्त्रज्ञ होण्याची होती.

खगोलशास्त्राचे बंद दार

हर्ट्झबर्ग यांचा जन्म २५ डिसेंबर १९०४ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. शाळेत असतानाच त्यांना आकाशाचे वेड लागले होते. खगोलशास्त्रातच पुढे जावे, या विचाराने त्यांनी हॅम्बुर्गच्या वेधशाळेत चौकशी केली. गाठीशी स्वतःचा पैसा असल्याशिवाय या क्षेत्राच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, असे त्यांना तिथून कळले. वेधशाळांमध्ये नोकऱ्याच मोजक्या होत्या.

मग त्यांनी डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने भौतिकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. १९२८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तो काळ भौतिकशास्त्रात मोठ्या उलथापालथीचा होता. पुंजयामिकी नुकतीच जन्माला आली होती आणि अणू व रेणू प्रकाशाचे ठरावीकच रंग का शोषतात किंवा का सोडतात, याचे उत्तर तिच्यामुळे प्रथमच मिळू लागले होते.

प्रत्येक रेणूचा वर्णपट वेगळा असतो. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा, तसा वर्णपटातल्या रेषांवरून रेणू ओळखता येतो. फरक इतकाच, की या रेषा रेणूची अंतर्गत रचनाही सांगतात. दोन अणूंमधले अंतर किती, रेणू सरळ आहे की वाकलेला, तो किती वेगाने फिरतो आणि कसा कंप पावतो, हे सगळे त्या रेषांच्या जागांवरून काढता येते. हर्ट्झबर्ग यांनी हेच शास्त्र आपले मानले.

डॉक्टरेटनंतर ते गॉटिंगेनला गेले. तिथे वाल्टर हाइटलर यांच्यासोबत १९२९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका छोट्या शोधनिबंधाचे भारताशी जवळचे नाते आहे. त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम शोधला होता. त्या तंत्राने फ्रँको रासेत्ती या इटालियन शास्त्रज्ञांनी नायट्रोजनचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषांची तीव्रता पाहून हाइटलर आणि हर्ट्झबर्ग यांच्या लक्षात आले, की नायट्रोजनचे अणुकेंद्र सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीचे नियम पाळते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या निष्कर्षाने मोठी अडचण उभी केली. अणुकेंद्रात फक्त प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, अशी तेव्हाची समजूत होती. त्या हिशेबाने नायट्रोजनच्या केंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण २१ कण भरत होते. कणांची संख्या विषम असेल तर बोस सांख्यिकी लागू पडत नाही. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि हा गुंता सुटला. केंद्रात ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन होते. वर्णपट नीट वाचला तर रूढ समजूत मोडून पडते, हा धडा हर्ट्झबर्ग यांना पंचविशीच्या आतच मिळाला.

दहा मार्क आणि वर्णपटमापक

गॉटिंगेनमध्येच त्यांची लुईझे ओटिंगर यांच्याशी ओळख झाली. लुईझे स्वतः भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या आणि वर्णपटांवरच संशोधन करत होत्या. डिसेंबर १९२९ मध्ये दोघांचा विवाह झाला. ब्रिस्टलमध्ये काही काळ काम करून हर्ट्झबर्ग डार्मस्टाटला परतले आणि तिथे शिकवू लागले. संशोधन जोरात सुरू होते, नाव होऊ लागले होते.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. लुईझे ज्यू होत्या. ज्यू अध्यापकांना विद्यापीठांतून काढण्यात आले आणि काही काळातच ज्यूंशी विवाह केलेल्यांवरही गदा आली. डार्मस्टाटमधली नोकरी जाणार, हे हर्ट्झबर्ग यांना स्पष्ट दिसू लागले. जर्मनीतून बाहेर पडणारे शास्त्रज्ञ तेव्हा इतके होते, की युरोप-अमेरिकेत जागा मिळणे कठीण झाले होते.

मदत आली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातले तरुण रसायनशास्त्रज्ञ जॉन स्पिंक्स १९३३ मध्ये हर्ट्झबर्ग यांच्याकडे काम करण्यासाठी डार्मस्टाटला आले होते. परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यापीठात हर्ट्झबर्ग यांच्यासाठी प्रयत्न सुरू केले. विद्यापीठाकडे पैसा नव्हता. जागतिक मंदी आणि दुष्काळ यांनी तो गहू पिकवणारा प्रदेश होरपळून निघाला होता. अखेर कार्नेगी यांच्या निधीतून दोन वर्षांच्या पाहुण्या प्राध्यापकपदाची सोय झाली.

१९३५ मध्ये हर्ट्झबर्ग दांपत्याने जर्मनी सोडली. देशाबाहेर जाताना माणशी फक्त दहा मार्क, म्हणजे जेमतेम अडीच डॉलर नेण्याची परवानगी होती. सोबत घरगुती सामान आणि वर्णपट घेण्याची काही उपकरणे होती. सॅस्काटून नावाच्या छोट्या शहरात ते पोहोचले, तेव्हा तिथे आधुनिक वर्णपटविज्ञानाची प्रयोगशाळा अशी नव्हतीच. दोन वर्षांसाठी आलेले हर्ट्झबर्ग तिथे दहा वर्षे राहिले. दोन मुले तिथेच वाढली. अणू आणि रेणूंच्या वर्णपटांवरची त्यांची पहिली पुस्तकेही तिथेच पुरी झाली. द्वि-अण्विक रेणूंवरचे १९३९चे पुस्तक आणि अवरक्त व रामन वर्णपटांवरचे १९४५चे पुस्तक पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत हाताशी ठेवण्याचे ग्रंथ झाले.

धूमकेतूतला जांभळा प्रकाश

सॅस्काटूनमध्ये हर्ट्झबर्ग यांची खगोलशास्त्राची जुनी ओढ पुन्हा जागी झाली. दुर्बीण नव्हती, पण दुर्बिणीतून दिसणारे वर्णपट प्रयोगशाळेत पुन्हा तयार करता येतील, हा मार्ग त्यांना सापडला. ताऱ्यांमधल्या जागेत काही अनोळखी रेषा दिसत होत्या. १९४१ मध्ये हर्ट्झबर्ग आणि त्यांचे विद्यार्थी अलेक्झांडर डग्लस यांनी प्रयोगशाळेत विद्युत्‌विसर्जनाने तेच वर्णपट मिळवले आणि त्या रेषा एक कार्बन व एक हायड्रोजन अणू असलेल्या, धनभारित आयनाच्या असल्याचे दाखवले. ताऱ्यांमधल्या अवकाशात ओळख पटलेला तो पहिला रेणू-आयन होता.

या यशाच्या पाठोपाठ एक चूक झाली. तीच पुढे त्यांच्या संशोधनाला दिशा देणारी ठरली.

धूमकेतूंच्या प्रकाशात जांभळ्या भागात, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, पट्ट्यांचा एक पुंजका दिसतो. १८८१च्या धूमकेतूपासून तो माहीत होता, पण कोणत्या रेणूचा ते कोणालाच सांगता येत नव्हते. १९४२ मध्ये हर्ट्झबर्ग यांनी मिथेन वायूतून खंडित विद्युत्‌प्रवाह सोडला आणि नळीत तोच जांभळा पुंजका उमटला. आकाशातली गोष्ट प्रथमच नळीत दिसली होती. मिथेनमध्ये एका कार्बनभोवती चार हायड्रोजन असतात. त्यातले दोन गळाले की मेथिलीन हा मूलक उरतो. रसायनशास्त्रात त्याच्याबद्दल बरीच चर्चा होती, पण त्याचा वर्णपट कोणी पाहिला नव्हता. मिथेनमधून आलेला हा प्रकाश मेथिलीनचाच असला पाहिजे, असे हर्ट्झबर्ग यांनी मांडले. तर्क सयुक्तिक होता आणि तो मान्यही झाला.

सात वर्षांनी बेल्जियममधल्या मोंफिल्स आणि रोझेन या संशोधकांनी एक सोपी कसोटी लावली. साध्या हायड्रोजनऐवजी त्यांनी दुप्पट जड असलेला ड्युटेरियम वापरला. रेणूतला अणू जड झाला, की त्याची कंपने आणि फिरणे मंदावते आणि वर्णपटातल्या रेषा सरकतात. जांभळ्या पुंजक्यात मेथिलीन असता तर रेषा नक्की सरकल्या असत्या. त्या जागच्या हलल्याच नाहीत. याचा अर्थ एकच होता. त्या रेणूत हायड्रोजन नव्हताच.

मग तो रेणू होता तरी कोणता? उत्तर दिले ते हर्ट्झबर्ग यांच्याच शिष्याने, हर्ट्झबर्ग यांच्याच प्रयोगशाळेत. १९५१ मध्ये डग्लस यांनी कार्बनचा जड समस्थानिक वापरून पट्ट्या कशा फुटतात ते पाहिले. मिळालेला नमुना तीन कार्बन अणूंशीच जुळत होता. धूमकेतूतला जांभळा प्रकाश एका ओळीत जोडलेल्या तीन कार्बन अणूंचा होता. गुरूचा निष्कर्ष शिष्याने खोडला आणि गुरूने तो आनंदाने मान्य केला.

नळीत कोणता वायू भरला यावरून आत काय तयार झाले हे ठरत नाही. ठिणगीत मिथेन तुटतो, तुकडे एकमेकांना भेटतात, नवे रेणू बनतात आणि क्षणार्धात मिश्रण बदलून जाते. ओळख पटवायची तर अंदाज पुरत नाही. समस्थानिकांसारखी, खोटे असेल तर पकडून देणारी कसोटी लागते. पुढच्या प्रत्येक मूलकाच्या बाबतीत हर्ट्झबर्ग यांनी ही कसोटी सोडली नाही.

युरेनसची हवा, नळीत

दरम्यान १९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले. तरुणपणी बंद झालेले खगोलशास्त्राचे दार चाळिशीत उघडले होते. तिथे त्यांचे सहकारी होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. पुढे दोघांनी हीलियम अणूच्या ऊर्जेवर एकत्र शोधनिबंधही लिहिले. जेरार्ड कायपर हेही तिथेच होते. शनीचा उपग्रह टायटन याच्याभोवती मिथेनची हवा असल्याचे कायपर यांनी १९४४ मध्ये दाखवले होते.

ग्रहांच्या हवेत प्रकाश शेकडो किलोमीटर जाडीच्या थरांतून येतो. एवढी लांबी नळीत कुठून आणायची? हर्ट्झबर्ग यांनी आरशांची मदत घेतली. नळीच्या दोन्ही टोकांना आरसे बसवून प्रकाशाला पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फिरवले, की काही मीटरच्या नळीत तो काही किलोमीटर प्रवास करतो.

१९४८ मध्ये ते कॅनडाला परतले आणि ओटावातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. तेव्हा कायपर यांना युरेनस आणि नेपच्यूनच्या वर्णपटात ८२७ नॅनोमीटरजवळ एक पुसटसा पट्टा दिसला होता. तो मिथेनचा नव्हता. हर्ट्झबर्ग यांना हायड्रोजनचा संशय आला. अडचण अशी, की हायड्रोजनचा रेणू दोन्ही बाजूंनी अगदी सारखा असल्याने तो असा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. पण दाब वाढवला, की रेणू एकमेकांवर आदळतात आणि त्या क्षणापुरते थोडा प्रकाश शोषतात. हर्ट्झबर्ग यांनी हायड्रोजन द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केला, दाब शंभर वातावरणांपर्यंत नेला आणि प्रकाशाला ८० मीटर चालवले. नळीत तोच पुसट पट्टा दिसला. १९५२ मध्ये त्यांनी युरेनस आणि नेपच्यूनच्या हवेत हायड्रोजन असल्याचा प्रत्यक्ष पुरावा प्रसिद्ध केला. विश्वातला सर्वांत मुबलक रेणू या ग्रहांवर असणार, असे सगळेच मानत होते. पुरावा त्यांनी दिला.

सतरा वर्षांनी मेथिलीन

ओटावामध्ये हर्ट्झबर्ग यांनी वर्णपटविज्ञानाचे जगातले एक प्रमुख केंद्र उभे केले. अनेक देशांतले तरुण तिथे शिकायला येत. पण निसटलेला मेथिलीन त्यांच्या मनातून गेला नव्हता.

या वेळी एक नवे तंत्र हाताशी होते. केंब्रिजमध्ये रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी १९४९च्या सुमारास झगमगाटी प्रकाशाने रेणू फोडण्याची पद्धत काढली होती. नळीत वायू भरायचा आणि बाहेरून अत्यंत प्रखर प्रकाशाचा एक झोत टाकायचा. त्याने एका झटक्यात असंख्य रेणू तुटतात. लगेच, म्हणजे सेकंदाच्या काही लाखांश भागानंतर, दुसरा मंद झोत सोडायचा आणि त्यातले कोणते रंग शोषले गेले ते छायाचित्राच्या काचेवर टिपायचे. मूलक नाहीसे होण्यापूर्वी त्यांचा ठसा उमटतो. केंब्रिजमध्ये शिकलेले डोनाल्ड रॅमसे ओटावात दाखल झाले होते.

१९५६ मध्ये हर्ट्झबर्ग आणि त्यांचे सहकारी शूस्मिथ यांनी पारा आणि मेथिल यांचे संयुग प्रकाशाने फोडले आणि मेथिल मूलकाचा वर्णपट मिळवला. मेथिल म्हणजे एक हायड्रोजन गमावलेला मिथेन. शोषणाच्या पट्ट्या दूरच्या अतिनील भागात, २१६ आणि १५० नॅनोमीटरजवळ होत्या. त्या अस्पष्ट होत्या. ड्युटेरियम वापरल्यावर बारकावे उलगडले आणि मूलकातले चारही अणू जवळपास एकाच पातळीत असल्याचे समजले.

मग मेथिलीनची पाळी आली. त्यासाठी डायअझोमिथेन हा वायू लागतो. तो विषारी आहे आणि त्याचा स्फोटही होऊ शकतो. १९५९ मध्ये हर्ट्झबर्ग आणि शूस्मिथ यांनी तो फोडून १४१.५ नॅनोमीटरजवळ मेथिलीनची खूण शोधली. या वेळी ड्युटेरियम घातल्यावर रेषा हव्या तशा सरकल्या. चुकीच्या घोषणेनंतर सतरा वर्षांनी खरा मेथिलीन सापडला होता.

तरीही गोष्ट संपली नाही. मिळालेल्या वर्णपटावरून मेथिलीनचे तीन अणू एका सरळ रेषेत, निदान जवळपास सरळ रेषेत आहेत, असा अर्थ हर्ट्झबर्ग यांनी लावला. सैद्धांतिक गणित मात्र तो वाकलेला असल्याचे सांगत होते. अनुभवी प्रायोगिक शास्त्रज्ञापुढे गणित मांडणाऱ्यांचे म्हणणे मागे पडले. १९७० मध्ये चुंबकीय अनुनादाच्या प्रयोगांनीही तो वाकलेला असल्याचे दाखवले. हर्ट्झबर्ग यांनी आपल्या जुन्या काचा पुन्हा तपासल्या आणि १९७१ मध्ये जॉन्स यांच्यासह नवा शोधनिबंध लिहून मान्य केले, की रेणू वाकलेलाच आहे आणि कोन सुमारे १३६ अंशांचा आहे. त्यांची प्रतिष्ठा तेव्हा शिखरावर होती. दुसऱ्यांच्या पुराव्यापुढे त्यांनी आपले मत बदलले, तेही त्याच वर्षी जेव्हा त्यांना नोबेल मिळाले.

ते वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचेही होते. ज्यांच्यामुळे देश सोडावा लागला आणि ज्यांच्या सोबतीने नवा देश आपला झाला, त्या लुईझे जून १९७१ मध्ये वारल्या. नोबेलची बातमी त्यानंतर काही महिन्यांनी आली.

त्यांच्या रेषा आज काय सांगतात?

टायटनवर, शनीवर किंवा नेपच्यूनवर सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतल्या मिथेनवर पडतात आणि त्याचे तुकडे होतात. मेथिल, मेथिलीन आणि त्याहून लहान असा एक कार्बन व एक हायड्रोजन असलेला मेथिलिडाइन असे मूलक निर्माण होतात. दोन मेथिल एकत्र आले की इथेन तयार होतो. लहान मूलक मोठ्या रेणूंवर आदळले की कार्बनच्या साखळ्या वाढतात आणि कड्या बनतात. टायटनवरचे नारिंगी धुके याच साखळ्यांची शेवटची पायरी आहे. तिथल्या तळ्यांत मिथेनसोबत इथेनही आहे. जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स यान त्या धुक्यातून खाली उतरले, तेव्हा या रसायनशास्त्राचा सडा जमिनीवर पडलेला दिसला.

पण सुरुवातीचा कच्चा माल, म्हणजे मूलक, प्रत्यक्ष दिसणे आवश्यक होते. युरोपच्या आयएसओ या अवरक्त अवकाश दुर्बिणीने १९९८ मध्ये शनीच्या हवेत मेथिल मूलक टिपला आणि पुढच्या वर्षी नेपच्यूनवरही. शनीवर तो अपेक्षेपेक्षा कमी भरला. म्हणजे थंड हवेत मेथिल एकमेकांना जोडले जाण्याचा वेग किती, याचे प्रयोगशाळेतले आकडे पुन्हा तपासावे लागणार होते. टायटनवरचा मेथिल जेम्स वेब दुर्बिणीला दिसल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

या क्रियांतून नेमके काय तयार होते, हे ओळखणे अजूनही सोपे नाही. तीन कार्बन आणि चार हायड्रोजन यांचे रेणू घ्या. याच अणूंची मांडणी एका प्रकारे केली तर प्रोपाइन होतो, दुसऱ्या प्रकारे केली तर अ‍ॅलीन. दोघांचे वजन अगदी सारखे, त्यामुळे वजन करून फरक कळत नाही. हवेतली पुढची क्रिया मात्र कोणता रेणू बनला यावर अवलंबून असते. आज सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रातून हव्या त्या ऊर्जेचा प्रकाश मिळतो. अ‍ॅलीनमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ९.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर प्रोपाइनला सुमारे १०.४. प्रकाशाची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, की कोण कधी आयन होतो ते दिसते आणि दोघे वेगळे ओळखू येतात. मेथिलिडाइनची इथिलीनशी क्रिया झाली, की प्रोपाइनपेक्षा अ‍ॅलीन अधिक तयार होतो, हे अशाच प्रयोगांनी दाखवले. टायटनच्या हवेत प्रोपाइन व्हॉयेजरच्या काळापासून माहीत होता. अ‍ॅलीन तिथे असणार असा अंदाज होता, पण त्याचा पुरावा २०१९ मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणीतून मिळाला.

हेच रसायनशास्त्र पृथ्वीवर आपल्या श्वासाशी जोडलेले आहे. चुलीत, डिझेलच्या इंजिनात किंवा कचऱ्याच्या आगीत इंधन अर्धवट जळते, तेव्हा हेच हायड्रोकार्बन मूलक एकमेकांना भेटत कड्या बांधतात. त्यातून काजळी आणि फुप्फुसांना घातक असे अनेक वलयी रेणू तयार होतात. कोणत्या टप्प्यावर नेमका कोणता रेणू बनतो हे कळले, तरच ज्योत अधिक स्वच्छ कशी करायची हे ठरवता येते. टायटनच्या धुक्यासाठी मोजलेले काही आकडे इंजिनाच्या अभ्यासातही उपयोगी पडतात ते याचमुळे.

हर्ट्झबर्ग शेवटपर्यंत काम करत राहिले. १९७४ मध्ये लू यांच्यासोबत त्यांनी कोहौटेक धूमकेतूच्या शेपटीत पाण्याचा धनभारित आयन ओळखला. १९७५ मध्ये कॅनडातल्या खगोलभौतिकी संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या मुलाला पैशांअभावी खगोलशास्त्राचा नाद सोडायला लावले गेले, त्याच्या नावाने खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. ३ मार्च १९९९ रोजी ओटावामध्ये वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शनीवर मेथिल सापडल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. १९५६ मध्ये त्यांनी नळीतल्या एका झगमगाटात पकडलेला तोच मूलक आता सव्वाशे कोटी किलोमीटर अंतरावरच्या हवेत ओळखू आला होता.

आजही एखाद्या दूरच्या ग्रहाच्या हवेत अमुक रेणू सापडला अशी बातमी येते, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो जो १९४९ मध्ये ड्युटेरियमने विचारला होता. ही खूण दुसऱ्या कोणाची तर नाही ना? तो प्रश्न टाळला तर बातमी मोठी होते आणि ज्ञान खोटे. हर्ट्झबर्ग यांनी तो स्वतःच्या कामाला दोनदा लावून घेतला आणि दोन्ही वेळा आपला निष्कर्ष मागे घेतला. ग्रहांच्या हवेबद्दल आज आपण जे खात्रीने सांगू शकतो, त्यातला बराच भाग त्या सवयीवर उभा आहे.